बुद्धिबळात एम.ए. केलं, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते पुढे सांगतेच. आधी हे कुणासाठी लिहितेय ते सांगते. ‘खेळात आयुष्य घातलं, त्याची काहीतरी पदवी मिळायला हवी’ असं ज्यांना आतून वाटतं, त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर फॉर्म भरला.

कोर्सचं नाव बुद्धिबळ अध्ययन. पदव्युत्तर, दोन वर्षं, चार सत्रं, एकूण १२० क्रेडिट. सगळं घरबसल्या, फक्त शेवटची तोंडी परीक्षा समोरासमोर. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी जरा झोंबतील अशा लिहिणार आहे आणि माझं मूळ प्रमाणपत्र अजून टपालात आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात. वय ४७. गेली १९ वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते, त्याआधी स्पर्धा खेळायचे. सर्वोच्च रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, २१८७. हा आकडा लक्षात ठेवा.

प्रवेश घेताना ‘पूर्वानुभवाची मान्यता’ नावाचा एक अर्ज असतो. तुम्ही आधीच जे कमावलंय त्याचे क्रेडिट देतात, म्हणजे तेवढे पेपर माफ. ऐकायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात तो एका ओळीचा कोष्टक-व्यवहार आहे. रेटिंग २००० च्या वर असेल तर १२ क्रेडिट, २२०० च्या वर १६, २४०० च्या वर २४. मला १२ मिळाले. तेरा गुणांनी चार क्रेडिट गेले.

ते तेरा गुण कुठे गेले तेही मला नेमकं माहीत आहे. शेवटच्या मोठ्या स्पर्धेतली शेवटची फेरी, माझ्याच तोलामोलाची प्रतिस्पर्धी, पटावर मी एका प्याद्याने पुढे. मनात काळ्या घरातला उंट हलवायचा होता आणि हात लागला पांढऱ्या घरातल्या उंटाला. हात लावला की तीच सोंगटी खेळायची, हा नियम मी रोज मुलांना शिकवते. त्या उंटाला जायला दोनच घरं होती आणि दोन्हीवर मारा होता. डाव गेला. जिंकले असते तर त्या काळच्या हिशेबाने पंधरा गुणांचा फरक पडला असता आणि मी २२०२ वर असते. म्हणजे विद्यापीठाच्या लेखी माझ्या ज्ञानातले चार क्रेडिट त्या सकाळी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत होते.

मी हे कार्यालयाला लिहून कळवलं. उत्तर आलं की निकष सर्वांना समान आहेत.

चार क्रेडिट गेले ते गेले. पण कोष्टकच मुळात चुकीच्या पायावर उभं आहे. रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो यांची. ते अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि जागतिक संघटनेने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. तो आकडा फक्त अंदाज सांगतो. तुमचं रेटिंग समोरच्यापेक्षा २०० ने जास्त असेल तर शंभर डावांत तुम्हाला साधारण ७६ गुण मिळतील, बस. तुम्हाला काय कळतं, का कळतं, दुसऱ्याला सांगता येतं का, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. गंमत म्हणजे हे मला याच कोर्सच्या दुसऱ्या सत्रातल्या संख्याशास्त्राच्या पेपरात शिकवलं. (तो पेपर उत्तम आहे. शिकवणारे सर पटावरचं एकही उदाहरण न घेता तासभर बोलायचे आणि तरी कंटाळा यायचा नाही.) एकाच विद्यापीठात डाव्या हाताने प्रवेश द्यायचा आणि उजव्या हाताने तो खोडायचा, असा प्रकार. अर्धा तारा इथे कापला.

आता मूळ प्रश्न. खेळातल्या प्रावीण्याला वरच्या दर्जाची पदवी द्यावी का? आमच्या तुकडीत हा वाद पहिल्या आठवड्यात सुरू झाला आणि दोन वर्षं चालला, कारण तुकडीत एक ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेला खेळाडू, होता.

पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा. नाव सांगत नाही. शांत, नम्र, आणि ग्रुपवर कुणी एखादी पोझिशन, म्हणजे पटावरची सोंगट्यांची मांडणी, टाकली की बाकीच्यांचं वाचून होण्याआधी त्याचं उत्तर आलेलं असायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं: माझी परीक्षा होऊन गेलीय. ग्रँडमास्टर व्हायला रेटिंग कधीतरी २५०० ला टेकावं लागतं. शिवाय नॉर्म लागतात, म्हणजे किमान २७ डावांमध्ये तुमची कामगिरी २६०० च्या दर्जाची हवी, समोर परदेशी आणि किताबधारी खेळाडू हवेत. या परीक्षेत मार्गदर्शकाची मेहेरबानी नाही, मुदतवाढ नाही, ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर’ हा प्रकार नाही. समोरचा माणूस तुम्हाला नापास करायलाच बसलेला असतो. १९५० मध्ये हा किताब पहिल्यांदा अधिकृतपणे दिला गेला तेव्हा साऱ्या जगात तो २७ जणांना मिळाला होता. आता संख्या खूप वाढली, तरी डॉक्टरेटवाल्यांशी तुलना केलीत तर ग्रँडमास्टर चिमूटभरच निघतील. मग प्रबंधाचं कौतुक कशाला?

मला त्याचं पटायचं. आजही निम्मं पटतं. एक मुद्दा तर मी कुठेही लढवायला तयार आहे. डॉक्टरेटची अट काय असते? ज्ञानात मूळ भर. त्याने एका ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींमध्ये, अकराव्या चालीला घोडा मागे घेण्याची नवी चाल आणली. ती भर होती. ती जाहीर झाली, दुसऱ्या दिवसापासून लोकांनी ती फोडायला घेतली, काहींनी स्वतःच खेळून पाहिली, दोन वर्षांनी तिच्यावर उतारा सापडला. संशोधनाचं परीक्षण म्हणतात ते याहून कडक कुठे असतं? आमच्याकडे परीक्षक घड्याळ लावून समोर बसतो आणि चूक सापडली की जागेवर शिक्षा करतो.

मग अडलं कुठे? त्याने प्रबंध म्हणून स्वतःचे तीस निवडक डाव टिपांसह दिले. समितीने परत पाठवले. शेरा एका वाक्याचा: यातला प्रश्न कोणता? तो चिडला. माझे डाव हाच माझा प्रबंध, असं त्याने ग्रुपवर लिहिलं आणि आम्ही बहुतेकांनी अंगठ्याची खूण टाकून पाठिंबा दिला. मीही दिला.

माझं मत तिसऱ्या सत्रात फिरलं, आणि ते एका पेपरामुळे. या कोर्सला साडेतीन तारे आहेत त्यातले दोन एकट्या या पेपराचे.

पेपराचं नाव ‘विचार ऐकणं’. शिकवणाऱ्या बाई मानसशास्त्राच्या. खेळाडू म्हणून माझ्या दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना सहज हरवलं असतं, आणि हे त्यांनीच पहिल्या तासाला सांगितलं. काम असं: बारा पोझिशन देणार. प्रत्येकीसमोर बसून चाल ठरेपर्यंत मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, रेकॉर्ड करायचं, मग स्वतःच शब्दन् शब्द उतरवून काढायचा, ‘अं’ आणि ‘थांब थांब’ सकट. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची: हे दिसलं, हे मोजलं, हे आठवलं, की हे नंतर जोडलं?

ही पद्धत आद्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाची. ते स्वतः चांगले खेळाडू, बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये देशाकडून खेळलेले. त्यांनी १९३८-३९ च्या सुमाराला अलेखिन, केरेस, युवे अशा दिग्गजांना पोझिशन देऊन मोठ्याने विचार करायला लावलं आणि त्यावर १९४६ मध्ये अॅमस्टरडॅमला डॉक्टरेट मिळवली. सगळ्यांची समजूत अशी होती की थोर खेळाडू पुढच्या खूप जास्त चाली मोजतात. डी ग्रूटना तसं काही ठळक दिसलं नाही. थोरांना पहिल्या काही सेकंदांतच बरोबर जागा दिसते, हा फरक. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पटावरच्या सोंगट्या पाच सेकंद दाखवून पुन्हा मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातली पोझिशन असेल तर निष्णात खेळाडू बाकीच्यांना कुठच्या कुठे मागे टाकतो, आणि सोंगट्या कशाही विखुरल्या असतील तर त्याची नवशिक्यासारखीच दाणादाण उडते. म्हणजे त्याच्याकडे वेगळी स्मरणशक्ती नसते, ओळखीचे आकार भरपूर साठलेले असतात.

हे सगळं वाचलेलं असूनही सातव्या पोझिशनला माझी जिरली.

हत्तीचा एंडगेम, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेला डावाचा शेवटचा टप्पा. समोरच्याकडे राजा, हत्ती, प्यादं. माझ्याकडे राजा आणि हत्ती. माझा राजा प्याद्याच्या समोर शेवटच्या रांगेत, त्याचं प्यादं अजून लांब, मध्ये दोन घरं रिकामी. बुद्धिबळाचा थोडाफार अभ्यास केलेल्या कुणालाही ही पोझिशन ठाऊक असते. फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसाने ती १७७७ मध्ये उलगडून दाखवली, तो संगीतकारही होता. मी झोपेतसुद्धा ही बरोबरीत सोडवते. रेकॉर्डिंगमध्ये मी जे बोलले ते एवढंच: ‘हत्ती तिसऱ्या रांगेत. बरोबरी. पुढचं.’ चार सेकंद.

बाईंनी उताऱ्याच्या समासात लिहिलं: ‘का?’

मी लिहिलं: ‘कारण असंच खेळतात.’

त्यांनी लिहिलं: ‘कोण?’

मला खूप राग आला. हत्ती कुठे ठेवायचा हे ज्यांना माहीत नाही त्या बाई मला ‘कोण’ म्हणून विचारतात! लॅपटॉप बंद केला. रात्री पट काढून बसले, म्हटलं, पाच ओळींत लिहून देऊ. पाच ओळी लिहायला पावणेदोन तास लागले.

कारण असं आहे. माझा हत्ती त्या रांगेत, म्हणजे माझ्या बाजूने तिसऱ्या, असला की त्याचा राजा ती रांग ओलांडून माझ्या राजावर चालून येऊ शकत नाही. मग त्याला एकच मार्ग उरतो, प्यादं त्या रांगेत ढकलायचं. ते ढकललं की मी हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेते आणि मागून शह देत राहते, आणि आता त्याच्या राजाला लपायला जागा नाही. लपायची जागा म्हणजे प्याद्याच्या पुढचं घर, जिथे मागून आलेला शह प्यादं स्वतःच्या अंगावर घेतं. पण प्यादंच त्या घरात जाऊन बसलंय! मी आधीच घाई करून हत्ती मागे नेला असता तर राजा त्या घरात शिरला असता आणि प्यादं त्याची ढाल झालं असतं. तेव्हाही बरोबरी हातातून जातेच असं नाही, पण घाम फुटतो.

एकोणीस वर्षं मी पोरांना शिकवत होते: ‘तिसऱ्या रांगेत थांबा, प्यादं आलं की खाली पळा.’ थांबायचं का, हे एकाही पोराने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मला ते येत होतं का? हात तर बरोबर चालत होता. हाताला येत होतं म्हणू या.

दुसरं त्याहून वाईट. नवव्या पोझिशनला, मधल्या डावातली होती, मी साडेसहा मिनिटं बोलले आणि बोलताना वाटत होतं की काय सुंदर विचार करतेय. उतरवून काढल्यावर दिसलं की चाल चाळिसाव्या सेकंदालाच ठरली होती. पुढची सगळी मिनिटं मी स्वतःची समजूत काढत होते. ‘हे नंतर जोडलं’ची खूण पानभर.

याच पेपरात बाईंनी एक प्रश्न टाकला होता, त्याचं उत्तर मी अजून चघळतेय. इमॅन्युएल लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत, तब्बल २७ वर्षं जगज्जेते. डॉक्टरेट होती, पण गणितात. बीजगणितात त्यांच्या नावाचं प्रमेय आजही शिकवतात. मॅक्स युवे १९३५ मध्ये अलेखिनला हरवून जगज्जेते झाले. त्यांचीही डॉक्टरेट १९२६ ची, गणितातलीच. आणखी एक जगज्जेते बोत्विनिक, त्यांची विद्युत अभियांत्रिकीतली. एकालाही पदवी बुद्धिबळासाठी मिळाली नाही. बुद्धिबळावर मिळाली ती डी ग्रूटना, ज्यांना युवेंसमोर खेळायला बसवलं असतं तर बहुतेक डाव ते हरले असते. आणि युवे त्या प्रबंधात आहेत कुठे? बोलणाऱ्यांच्या यादीत. ते मोठ्याने विचार करत होते आणि डी ग्रूट लिहून घेत होते. बाईंचा प्रश्न: या खोलीत ज्ञान कुणापाशी होतं?

मी लिहिलं, दोघांपाशी, पण पदवी लिहून घेणाऱ्याला मिळाली ते बरोबर झालं. गुण बरे मिळाले. तरी युवेंच्या बाजूने एक गोष्ट मी मुद्दाम जोडली होती. १९२९ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. चालींची एकच मालिका लागोपाठ तीनदा आली की डाव बरोबरीत, असा तेव्हा एक नियम होता, डाव अनंत चालू नये म्हणून. युवेंनी दाखवलं की शून्य आणि एक यांची अशी न संपणारी मालिका रचता येते जिच्यात कोणताच तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही, आणि तिच्याप्रमाणे सोंगट्या पुढेमागे हलवत राहिलं तर तो नियम न मोडता डाव कायमचा चालू ठेवता येतो. हे केवळ गणित्याला सुचलं नसतं आणि केवळ खेळाडूलाही नाही. अशा कामाला बुद्धिबळातली पदवी दिली तर मी उभी राहून टाळ्या वाजवीन.

ग्रँडमास्टरला मी हे सगळं कळवलं. त्याचा प्रतिवाद चांगला होता. म्हणाला, पियानोवादकांना वादनावर डॉक्टरेट देतात ना? हे खरं आहे. काही देशांत वादनाची अशी डॉक्टरेट असते आणि तिच्यात मैफली हाच परीक्षेचा मोठा भाग असतो. मग डाव का नको?

यावर मला दोन आठवड्यांनी उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे उशिरा. मैफिलीत निकाल नसतो. कुणीतरी ऐकून ठरवावंच लागतं की वादन कसं झालं, का झालं, आणि त्यासाठी परीक्षक हवेत, विद्यापीठ हवं. खेळात निकाल पटावरच लागतो. एक-शून्य. त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारणं म्हणजे जिंकलेल्या डावाला ‘हा जिंकला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवणं. खेळाने स्वतःची पदवी आधीच निर्माण केलीय, आणि ती विद्यापीठाच्या पदवीपेक्षा प्रामाणिक आहे. त्याच्या नावाआधी जी अक्षरं आहेत ती कुणी शिफारशीने लावलेली नाहीत. तिथे आणखी एक शिक्का लावून वाढतं काय?

आणि केवळ ताकदीलाच मान द्यायचा तर तो यंत्रालाही द्यावा लागतो. दिलेला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने गो या पटावरच्या खेळात कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४-१ ने हरवलं, तेव्हा कोरियाच्या संघटनेने त्या प्रोग्रॅमला मानद नऊ दान, म्हणजे सर्वोच्च दर्जा, बहाल केला. संघटनेला ते शोभून दिसलं. विद्यापीठाने केलं असतं तर? तोंडी परीक्षेला कोण बसलं असतं?

माझा हा मेसेज वाचून त्याने फक्त हसरा चेहरा पाठवला. तिसऱ्या सत्राच्या शेवटी त्याने कोर्स सोडला. हरला म्हणून नाही. त्याला खेळायचं होतं.

बाकीच्या पेपरांबद्दल पटपट.

इतिहास: व्हिडिओ जुने, आवाज घुमतो, मजकूर ठीक. रविवारी दुप्पट वेगाने लावून संपवता येतो.

‘इतर खेळ’ हा ऐच्छिक पेपर मी घेतला आणि बरं झालं. फुटबॉलमध्ये हा प्रश्न किती व्यवहारी पद्धतीने सोडवलाय ते तिथे कळलं. इटलीत फ्लॉरेन्सच्या कोव्हर्चानो केंद्रात वरच्या दर्जाचा प्रशिक्षक व्हायचं तर प्रबंध लिहावा लागतो, मग तुम्ही देशाकडून कितीही सामने खेळलेले असा. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेल्या कार्लो अँचेलोटींनीही लिहिला, फुटबॉलच्या भविष्यावर. म्हणजे गोल मारलेत त्याचा मान मैदानावर, शिकवायचं असेल तर कागद काढा. धावपटू रॉजर बॅनिस्टर यांचंही प्रकरण यात आहे. ६ मे १९५४ ला ते एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावले, चार मिनिटांच्या आत धावणारे पहिले. व्यायाम करताना श्वासाच्या हवेत ऑक्सिजन वाढवला तर शरीराचं काय होतं यावरचा त्यांचा शोधनिबंधही त्याच वर्षीचा. आधी धाप लागून घ्यायची, मग ती मोजायची. पुढे ते मज्जासंस्थेचे डॉक्टर झाले आणि त्या कामाचा त्यांना जास्त अभिमान होता म्हणतात. दक्षिण कोरियातल्या म्योंगजी विद्यापीठाने १९९७ मध्ये गो या खेळाचा स्वतंत्र विभाग काढला होता, तोही आता बंद करायचा निर्णय झाला. या शेवटच्या भागावर फक्त एक पान आहे, तिथे दहा हवी होती. खेळाचा विभाग का उघडतो आणि का मिटतो, हेच तर आम्हाला शिकायचं होतं.

संगणक आणि बुद्धिबळ: वाया गेलेला पेपर. शिकवणारे स्लाइड वाचून दाखवायचे. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, आकडा दाखवतं, त्यामागचं कारण माणसाने कसं शोधायचं, हा आजच्या प्रशिक्षकापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्यावर तासभरसुद्धा नाही. एक तारा इथे कापला, पुढच्या प्रकरणासकट.

पुढचं प्रकरण म्हणजे प्रबंध. माझा विषय मुलांचं बोलणं हाच होता. हत्तीच्या एंडगेममध्ये मुलं चाल खेळताना कारण काय सांगतात ते मी रेकॉर्ड करून अभ्यासलं. एका नऊ वर्षांच्या मुलीने फिलिडोरच्या पोझिशनला बरोबर चाल खेळून सांगितलं, ‘हत्ती इथे पहाऱ्याला बसलाय, ते प्यादं दारात आलं की मागच्या दाराने जाणार.’ माझ्या पावणेदोन तासांच्या पाच ओळींपेक्षा हे बरं आहे, असं प्रबंधात लिहायचा मोह मी आवरला नाही.

प्रबंध अपलोड केला. चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं, ४१ टक्के मजकूर इतरत्र सापडतो. हात गार पडले. अहवाल उघडला तर लाल रंगात रंगवलेल्या होत्या त्या डावांच्या चाली. सिसिलियन ओपनिंगच्या पहिल्या आठ चाली मी जगातल्या लाखो लोकांकडून ढापल्या होत्या! मदतकक्षाला सविस्तर लिहिलं की चाली अशाच असतात. तिसऱ्या दिवशी उत्तर: ‘कृपया सदर मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडावा.’ मुलगी म्हणाली, ‘आई, तू घोडा तिरका नेऊन बघ, कदाचित मूळ भर होईल.’ शेवटी बाई मध्ये पडल्या आणि एका फोनवर ते मिटलं, पण अकरा दिवस गेले.

तोंडी परीक्षा चाळीस मिनिटांची. बाहेरचे परीक्षक शिक्षणशास्त्राचे, बुद्धिबळ न येणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: तुमच्यापेक्षा चांगलं खेळणारा माणूस हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करू शकला असता का? मी म्हटलं, चाल चुकली का हे त्याला लवकर कळलं असतं. मुलीला ‘मागच्या दाराने’ म्हणजे काय हे विचारायला तो थांबला असता का, सांगता येत नाही, मीही आधी थांबत नव्हते. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. काय ते कळलं नाही. पास झाले.

तर घ्यावा का हा कोर्स? शिकवत असाल तर घ्या, त्या एका पेपरासाठी. खेळत असाल, रेटिंग अजून चढत असेल, तर नका घेऊ. दोन वर्षं खेळा, ती परीक्षा मोठी आहे. नावापुढे अक्षरं हवीत म्हणून घेणार असाल तर तिसऱ्या सत्रात तुमचे हाल होतील आणि मला ते ऐकायला आवडेल. डॉक्टरेटचं विचाराल तर बाईंनी फॉर्म पाठवलाय. त्यात पुन्हा ‘पूर्वानुभवाची मान्यता’ आहे, तेच कोष्टक, तोच २२०० चा उंबरा. मी अजून भरलेला नाही.

प्रवेश घेतलाच तर एक करा. प्रबंधातल्या चाली मजकूर म्हणून टाइप करू नका, पटाची चित्रं टाका. त्या सॉफ्टवेअरला चित्रं वाचता येत नाहीत.